व्यापारकरारांमधलं पर्यावरण : प्रस्तावना

पोलादी बोल्टाचं डोकं जरा निरखून पाहिलं तर त्यावर दोन खुणा उठवलेल्या दिसतात. एक बनवणाऱ्याची, आणि दुसरी '८.८' अशी. जाणकाराला या आकड्यावरून कळतं की हा बोल्ट किती ताण सोसेल आणि कोणत्या ताणाला तो कायमचा लांबेल. बोल्ट लुधियान्यात बनलेला असो, चाकणला किंवा जर्मनीत, आकड्याचा अर्थ सगळीकडे एकच. मालाच्या खोक्याबरोबर टेस्ट सर्टिफिकेट जातं, त्यावर हीट नंबर असतो, आणि तो नंबर धरून मागे गेलं की हे पोलाद भट्टीच्या कोणत्या घाण्यातून निघालं तिथपर्यंत पोचता येतं. शंभर-सव्वाशे वर्षांच्या यंत्रयुगाने लावून दिलेली ही शिस्त आहे आणि आपले कारखानदार ती चोख पाळतात.

आता युरोपातला गिऱ्हाईक त्याच बोल्टाबद्दल आणखी एक आकडा मागू लागला आहे : असा एक टन माल तयार होताना किती टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेला? हा आकडा बोल्टाच्या डोक्यावर नसतो, सर्टिफिकेटवर नसतो, आणि बहुतेक छोट्या कारखान्यांच्या वहीतही नसतो.

मी राहतो चंदीगडच्या सेक्टर ४३ मध्ये. पंजाब, हिमाचल आणि जम्मूकडे जाणाऱ्या गाड्यांचा बस-अड्डा याच सेक्टरमध्ये आहे आणि जिल्हा न्यायालयांचं संकुलही इथेच. एक बाजू नट-बोल्ट, सायकली आणि होजिअरीच्या लुधियान्याची, दुसरी मंडी गोबिंदगडची, जिला इकडे सगळे लोहा मंडी म्हणतात. इंडक्शन भट्ट्या, री-रोलिंग मिला, भंगाराचे डोंगर आणि सळयांनी लादलेले ट्रक हेच तिथलं जग. हे पुस्तक ज्या प्रश्नातून उभं राहिलं तो प्रश्न मला कोणत्या परिसंवादात भेटला नाही, या दोन गावांकडे जाताना-येताना भेटला. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला तो परका वाटण्याचंही कारण नव्हतं. नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराने आणि कोकणातल्या कोळ्याने तो आपल्याआधी सोसलेला आहे.

पुस्तकाचा विषय असा : दोन देश किंवा देशांचे गट आपसांत व्यापाराचा करार करतात, एकमेकांच्या मालावरचा आयातकर कमी करतात, आणि त्याच करारात पर्यावरण आणि हवामान यांच्याबद्दलही काही लिहितात. काय लिहितात, का लिहितात, आणि त्या लिहिण्याचा कारखान्यातल्या, शेतातल्या, नदीकाठच्या माणसाला काय उपयोग?

जागतिक व्यापाराच्या जुन्या नियमावलीत, म्हणजे १९४७ च्या गॅट करारात, पर्यावरण हा शब्दसुद्धा नव्हता. होतं ते विसावं कलम. माणूस, प्राणी, वनस्पती यांच्या जिवाच्या रक्षणासाठी किंवा संपून जाणाऱ्या निसर्गसंपत्तीच्या जपणुकीसाठी एखाद्या देशाने व्यापारावर बंधन घातलं तर ते चालेल. मात्र त्याच्या आडून मनमानी भेदभाव होता कामा नये. पुढचे अनेक वाद या 'मात्र'भोवतीच फिरले.

त्यातला सगळ्यात गाजलेला वाद आपल्याही किनाऱ्याचा आहे. ट्रॉलरच्या जाळ्यात कोळंबीबरोबर समुद्री कासवं अडकून गुदमरतात. त्यांना बाहेर पडता यावं म्हणून जाळ्यात बसवायची एक चौकट असते, तिला टेड म्हणतात. ज्या देशात टेड सक्तीची नाही तिथली समुद्रातली कोळंबी आम्ही घेणार नाही, असा कायदा अमेरिकेने केला. भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड जागतिक व्यापार संघटनेकडे गेले. ऑक्टोबर १९९८ मध्ये अपील मंडळाचा निकाल आला तो आजही पुन्हा पुन्हा वाचावा असा आहे. मंडळाने म्हटलं की कासवं वाचवण्याचा हेतू विसाव्या कलमात बसतो. पण अमेरिकेने तो ज्या रीतीने अमलात आणला ती रीत भेदभावाची आहे. कॅरिबियन भागातल्या देशांशी ती बोलली, त्यांना तीन वर्षांची मुदत दिली. आशियातल्या देशांच्या वाट्याला चार महिने आले. आपल्याकडे हा निकाल 'आपण जिंकलो' एवढ्यावरच सांगितला जातो. खरं तर त्याने जगाला वेगळंच सांगितलं : पर्यावरणासाठी व्यापार अडवता येतो, पण आधी समोरच्याशी बसून बोललं पाहिजे.

या निकालाला चार वर्षं होतात न होतात तोच, २००२ मध्ये, रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. गावकरी पहाटे वाळूत उतरून अंडी सुरक्षित जागी हलवू लागले. कुठल्याही व्यापारकराराने त्यांना ते सांगितलेलं नव्हतं. कासव वाचवण्याची आच आपल्याकडे नाही, असं जे बाहेर चित्र होतं ते खोटं होतं. कमी होती ती आपल्या कामाची नोंद वाटाघाटीच्या टेबलापर्यंत नेणाऱ्याची. अमेरिकेत आपल्या समुद्री कोळंबीला पुढे पुन्हा बंदी झाली, त्याच कायद्याखाली.

जागतिक व्यापार संघटनेच्या जिनिव्हातल्या बहुपक्षीय चर्चा रेंगाळल्या तसे देश छोट्या-छोट्या गटांत करार करू लागले आणि पर्यावरणाची कलमं तिथे आली. १९९४ मध्ये अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्या नाफ्टा या व्यापारकराराबरोबर पर्यावरणाचा एक जोडकरार अमलात आला. त्यातून माँट्रियलला एक आयोग उभा राहिला. आपलं सरकार स्वतःचाच पर्यावरण कायदा राबवत नाही, अशी तक्रार या तीन देशांतला साधा नागरिक तिथे करू शकत होता. आयोग शिक्षा देत नसे, पण वस्तुस्थितीचा अहवाल तयार करून तो प्रसिद्ध करू शके. मला ही तरतूद फार मोलाची वाटते आणि तिच्याकडे मी पुढे परत येणार आहे. २००९ मध्ये अमलात आलेल्या अमेरिका-पेरू करारात जंगलतोडीवर खास परिशिष्ट होतं. लाकूड कायदेशीर आहे की नाही याची तपासणी त्यात होती, आणि तिच्या जोरावर २०१७ मध्ये अमेरिकेने पेरूतल्या एका निर्यातदाराचं लाकूड खरोखर अडवलं. युरोपियन संघाने २०११ पासून, दक्षिण कोरियाशी झालेल्या करारापासून, 'व्यापार आणि शाश्वत विकास' असं स्वतंत्र प्रकरण घालायचा प्रघात पाडला. मे २०२४ पासून लागू झालेल्या न्यूझीलंडबरोबरच्या करारात त्याने पुढचं पाऊल टाकलं : पॅरिस हवामान कराराचा उघड भंग झाला तर व्यापारी निर्बंधांपर्यंत जाता येईल. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूझीलंड, स्वित्झर्लंड, आइसलँड आणि कोस्टारिका या चार देशांनी तर हवामान हाच मुख्य विषय धरून करार केला. कोळसा-तेलाच्या अनुदानांना लगाम हा त्याचा एक भाग आहे.

भारत या सगळ्यापासून बराच काळ अंतर राखून होता. त्यामागे हेका नव्हता. पर्यावरणाच्या नावाखाली श्रीमंत देश आपल्या कारखान्यांना संरक्षण देतील आणि आपल्या मालाची वाट अडवतील, ही भीती आपल्या वाटाघाटी करणाऱ्यांच्या मनात खोल होती आणि तिला आधारही होता. हवा कोणी बिघडवली आणि भरपाई कोणी करायची, याचं उत्तर १९९२ च्या रिओ परिषदेत जगाने मान्य केलं होतं : जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही. व्यापारकराराच्या मागल्या दाराने ते तत्त्व पुसलं जाईल, असं आपलं म्हणणं होतं. मला ते आजही पटतं. उलट बाजूचाही अनुभव आपल्याला आला. राष्ट्रीय सौर मोहिमेत देशी बनावटीच्या सौर पॅनेलचा आग्रह धरला म्हणून २०१६ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत आपण अमेरिकेविरुद्ध हरलो. स्वच्छ ऊर्जा आणा म्हणणारेच ती आणण्याची आपली रीत चुकीची ठरवतात, हे तेव्हा अनेकांना झोंबलं.

मग १० मार्च २०२४ रोजी दिल्लीत भारताने स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइन या चार देशांच्या एफ्टा गटाशी करार केला. १ ऑक्टोबर २०२५ पासून तो लागू आहे. वर्तमानपत्रांत गाजली ती पंधरा वर्षांत १०० अब्ज डॉलरच्या गुंतवणुकीची गोष्ट. त्या गर्दीत शाश्वत विकासाचं एक सबंध प्रकरण आपण पहिल्यांदाच मान्य केलं, ही बातमी मागे पडली. २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी झालेल्या करारात तर पर्यावरणाचं स्वतंत्र प्रकरण आहे. युरोपियन संघाशी २००७ मध्ये सुरू झालेली आणि २०१३ मध्ये थांबलेली बोलणी २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि जानेवारी २०२६ मध्ये ती पूर्ण झाल्याची घोषणा झाली.

एफ्टा आणि ब्रिटन, या दोन्ही करारांत एक अट समान आहे. करारातल्या बाकीच्या बाबींवर वाद झाला तर पंच नेमता येतात, निवाडा मागता येतो. पर्यावरणाच्या प्रकरणावर वाद झाला तर मात्र तो रस्ता बंद आहे. बोलायचं, सल्लामसलत करायची, समितीत विषय मांडायचा, तिथेच थांबायचं. भारताने ही अट आग्रहाने मिळवली आणि दिल्लीत ते मोठं यश मानलं गेलं.

इथे या पुस्तकाचं मुख्य म्हणणं सुरू होतं, आणि ते सरळच सांगतो. आपल्या करारांमध्ये पर्यावरणाबद्दल जे लिहिलं आहे त्याची जरब नाही, आणि ज्याची जरब आहे ते करारात नाही.

युरोपियन संघाची सीमेवरची कार्बन आकारणी, जिला कारखानदारीत सगळे 'सीबॅम' म्हणतात, ती कोणाशी बोलून ठरलेली नाही. तो युरोपचा स्वतःचा कायदा आहे. ऑक्टोबर २०२३ पासून त्याखाली नुसती माहिती द्यायची होती. १ जानेवारी २०२६ पासून आकारणी खऱ्या अर्थाने लागू झाली. लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं, वीज आणि हायड्रोजन हे त्यातले माल. ब्रिटनने अशीच आकारणी २०२७ पासून ठरवली आहे, आणि जुलै २०२५ च्या करारात आपल्याला तिच्यातून सूट मिळालेली नाही. म्हणजे एका हाताने आयातकर शून्य होतो आणि दुसऱ्या हाताने कार्बनचा हिशेब समोर येतो. पहिला आपण टेबलावर बसून मिळवला. दुसऱ्याच्या वेळी टेबलच नव्हतं.

लोहा मंडीतल्या इंडक्शन भट्टीपाशी उभं राहिलं की यातली मेख कळते. भट्टी विजेवर चालते. क्रेनला लटकलेलं चुंबक भंगार उचलून वर आणतं : जुने पत्रे, मोटारींचे सांगाडे, सळयांचे तुकडे. सीबॅमच्या हिशेबात भंगाराचा मागचा कार्बन शून्य धरला जातो, आणि पोलादाच्या बाबतीत सध्या फक्त कारखान्यातून आणि त्याला लागणारा कच्चा माल बनताना थेट निघालेला वायू मोजतात, विजेमागचा नाही. म्हणजे नुसत्या भंगारावर चालणाऱ्या भट्टीचं पोलाद कोळशाच्या झोतभट्टीतल्या पोलादापेक्षा या हिशेबात कितीतरी हलकं ठरतं. भट्टीत स्पंज आयर्न, म्हणजे खनिजापासून काढलेलं कच्चं लोखंड, टाकलं की गणित बदलतं, कारण आपल्याकडचं बरंचसं स्पंज आयर्न कोळशावर तयार होतं. भंगार किती आणि स्पंज किती, हे भट्टीवरच्या माणसाला रोजच्या रोज ठाऊक असतं. पण ते मान्यताप्राप्त तपासनिसाने जागेवर येऊन तपासलेलं नसेल तर युरोप ते धरत नाही. मग देशासाठी ठरवून ठेवलेला ठोकळ आकडा लावला जातो, आणि तो मुद्दाम चढा ठेवलेला असतो. ज्याने कमी कार्बन सोडला त्यालाही जास्त सोडणाऱ्याच्या रांगेत उभं केलं जातं, केवळ सिद्ध करायला पैसे नाहीत म्हणून. पैसे भरायचे असतात युरोपातल्या आयातदाराने. पण भावात ते कोणाकडून कापून घेतले जातात हे लुधियान्यात कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

वर्षाला ५० टनांपर्यंत माल आणणाऱ्या आयातदाराला युरोपने यातून वगळलं आहे. ही सवलत तिकडच्या छोट्या आयातदाराची आहे. इकडच्या छोट्या कारखानदाराचा माल मोठ्या आयातदाराकडे जात असेल तर त्याला तिचा काही लाभ नाही.

आणि तरीही मोजमापाची सोय इथेच, हाताशी आहे. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय पोलाद मंत्रालयाने हरित पोलादाची व्याख्या जाहीर केली. तयार पोलादाच्या एका टनामागे २.२ टनांहून कमी कार्बन असेल तर ते हरित, १.६ टनांच्या खाली असेल तर पाच तारे. मोजणीची आणि प्रमाणपत्राची मुख्य जबाबदारी ज्या संस्थेकडे दिली ती राष्ट्रीय दुय्यम पोलाद तंत्रज्ञान संस्था मंडी गोबिंदगडमध्येच आहे, त्या भट्ट्यांच्या शेजारी. तिचं प्रमाणपत्र युरोपात जसंच्या तसं ग्राह्य धरा, ही मागणी करायची जागा कोणती? माझ्या मते तीच, जिला आपण बिनजरबेची करून ठेवली : करारातलं पर्यावरणाचं प्रकरण. एकमेकांच्या मोजमापाला मान्यता, तपासणीच्या खर्चात वाटा, तंत्रज्ञान, छोट्या उद्योगाला जादा मुदत. या गोष्टी तिथे लिहून घेता येतात आणि लिहिल्या तर त्या मोडल्याबद्दल दाद मागता आली पाहिजे. वाद-निवारणाचं दार बंद ठेवून आपण स्वतःला वाचवलं असं आपल्याला वाटतं. त्याच वेळी दाद मागायची आपली वाटही बंद झाली. १९९८ मध्ये कासवांच्या खटल्यात आपण जे मिळवलं ते दार उघडं होतं म्हणूनच मिळालं, ही गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरलो.

नाशिकची गोष्ट या बाबतीत धीर देणारी आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचा अंश सापडला म्हणून युरोपातल्या बंदरांवर आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडले. हा पदार्थ बागायतदार वर्षानुवर्षं वापरत होते आणि तो तपासायच्या यादीतच नव्हता. हंगाम गेला, कर्जं थकली, निफाड-दिंडोरीतल्या कितीतरी घरांचं वर्ष बुडालं. पण २००६ पासून अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी प्राधिकरणाने ग्रेपनेट नावाची नोंदणी उभी केलेली होती : प्रत्येक बागेला क्रमांक, प्रत्येक फवारणीची नोंद, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुना, आणि पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे साऱ्या प्रयोगशाळांवरची देखरेख. त्या सांगाड्यावर तपासणी वाढवता आली आणि निर्यात सावरली. आज युरोपातल्या दुकानातल्या खोक्यावरून नाशिक जिल्ह्यातल्या नेमक्या बागेपर्यंत जाता येतं. हे काम सरकारी यंत्रणेने, शास्त्रज्ञांनी आणि शेतकऱ्यांनी मिळून केलं. लोखंडासाठी ते का होऊ नये? प्रत्येक भट्टीला क्रमांक, प्रत्येक घाण्यातल्या भंगाराची नोंद, वीज मीटरचा आकडा. हीट नंबर तर आधीच आहे.

एका प्रश्नावर मात्र माझं मत कारखानदारांना आवडणार नाही. या प्रकरणांमध्ये एक कलम हटकून असतं : व्यापार किंवा गुंतवणूक ओढून आणण्यासाठी देशाने आपले पर्यावरणाचे कायदे ढिले करू नयेत. आपल्याकडे हे कलम परकी दबाव म्हणून वाचलं जातं. मी ते लुधियान्यातल्या बुड्ढा दर्या नावाच्या ओढ्याच्या काठावर उभा राहून वाचतो. रंगाई कारखान्यांच्या, डेअऱ्यांच्या आणि शहराच्या सांडपाण्याने काळं झालेलं हे पाणी सतलजला मिळतं, आणि सतलजचं पाणी पुढे कालव्यांनी पंजाबच्या माळवा भागातल्या आणि राजस्थानातल्या गावांना जातं. लोक ते पितात. इचलकरंजीच्या आणि पंचगंगेकाठच्या वाचकाला यातलं काही नव्याने सांगायला नको. या काठांवरच्या माणसाला ते कलम परकं का वाटावं? कायदा आपलाच आहे, संसदेने केलेला. तो पाळला जावा एवढंच तर ते कलम म्हणतं. माझी तक्रार उलटी आहे. ते कलम दोन सरकारांमध्येच राहतं. माँट्रियलच्या आयोगाकडे नागरिक अर्ज करू शकत होता. आपल्या कोणत्याही करारात काठावरच्या माणसाला तसं कुठलंही दार नाही. २०१० च्या कायद्याने आलेला राष्ट्रीय हरित लवाद आहे, आणि त्याच्याकडे लोक जातात, पण ज्या मालाच्या निर्यातीपायी नदी नासली त्या मालाच्या गिऱ्हाइकाला त्या लवादात बोलावता येत नाही.

करार वाचकाने स्वतः उघडून पाहावेत; वाणिज्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर त्यांचे मसुदे आहेत. भाषा रुक्ष आहे, पण अवघड नाही. सुरुवात पर्यावरणाच्या प्रकरणापासून करू नये. आधी वाद-निवारणाचं प्रकरण घ्यावं आणि कोणत्या गोष्टी त्यातून वगळल्या आहेत त्यांवर खूण करावी. मग आपल्या मालाचा एचएस क्रमांक, म्हणजे जकातीच्या वर्गवारीतला क्रमांक, शोधावा. ताज्या द्राक्षांचा ०८०६, कोळंबीचा ०३०६. त्यासमोर किती कर किती वर्षांत उतरणार ते लिहिलेलं असेल. त्याच ओळीशेजारी पेन्सिलने दुसरा नियम लिहावा, जो करारात नाही पण बंदरावर लागतो : औषधाच्या अंशाची मर्यादा, जाळ्याची चौकट, कार्बनचा आकडा. पुढची प्रकरणं याच रीतीने रचली आहेत. पोलाद आधी येतं, कारण त्याची मुदत सुरू झाली आहे. २०२६ मध्ये गेलेल्या मालाची कार्बन-प्रमाणपत्रं युरोपातले आयातदार फेब्रुवारी २०२७ पासून विकत घेऊ लागतील. त्यानंतर द्राक्षं आणि कापडाची रंगाई. मासळी शेवटी ठेवली आहे, कारण तिथे सगळ्यात जास्त काम बाकी आहे : टेड बसवल्यावर जाळ्यातून किती कोळंबी निसटते आणि ते नुकसान कोणी सोसायचं, हा कोळ्यांचा प्रश्न आपल्या एकाही करारात अजून विचारला गेलेला नाही.